बिनदुधाची दुपार

दुपारी बारा ते संध्याकाळी सहा, एवढाच वेळ माझ्या हातात होता. सहाला टाइल्सवाला विक्रीचे कागद घेऊन दुकानात येणार, बाबा सही करणार आणि चाळीस वर्षं जिथे दूध विकलं तिथे बाथरूमच्या फरश्या मांडल्या जाणार. ते थांबवायचं तर त्याआधी बाबांना असं काहीतरी खाऊ घालायचं होतं की ज्यात दुधाचा थेंब नाही आणि जे ते पुन्हा मागतील. अट त्यांचीच. सकाळी चपला घालता घालता सांगितली आणि निघून गेले.

"पण मीच करून आणते ना काहीतरी," मी मागून ओरडले.

"तुझ्या हातचं मी बापाच्या तोंडाने खाईन. बाहेरचं दाखव. लोक खरंच खातात हे दाखव."

मला ते दुकान व्हीगन खाणावळीसाठी हवं होतं. दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मधसुद्धा नाही. दूधवाल्याच्या घरात जन्मून हिला हेच सुचलं का, यावर आमच्या नातेवाइकांचं जितकं हसायचं तितकं हसून झालंय. मी दोन वर्षं स्कूटरवरून हे शहर पालथं घातलंय. कुठल्या गल्लीत कोण सोयाबीन दळतो, कोण काजूची साय करतो, कोण खोटं बोलून बटर घालतो, सगळं मला पाठ आहे. फक्त जागा नव्हती. आणि जागा होती ती बाप फरशीवाल्याला देत होता.

खरं तर मी त्यांना सोडून काही ठरवलंच नव्हतं. बाबांची जीभ आमच्या भागात प्रसिद्ध. पहाटे टेम्पो आला की कॅनचं झाकण उघडायचं, आधी झाकणाचा वास घ्यायचा, मग एक थेंब जिभेवर, आणि मग एकच शब्द. "चोख" किंवा "परत". परत म्हटलं की आख्खा कॅन परत, त्यावर वाद नाही. माझ्या खाणावळीत त्यांनी गल्ल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, सकाळी प्रत्येक पातेल्यातला एक चमचा चाखायचा आणि चोख म्हणायचं, एवढंच काम मी त्यांना दिलं होतं. महिन्यापूर्वी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं तर ताटावरून उठून गेले. त्याच आठवड्यात टाइल्सवाला उगवला. मला वाटलं, म्हाताऱ्याला पोरीच्या हाताखाली बसायचा कमीपणा वाटतोय. मला राग आला आणि तो मी महिनाभर जपून ठेवला.

बारा वाजता आईचं जांभळं हेल्मेट त्यांच्या डोक्यात घातलं आणि निघालो.

पहिलं ठिकाण पुलाखालचं. तिथे एक बाई रात्री सोयाबीन भिजवते, सकाळी त्याचं पनीर पाडते आणि तिखट रश्श्यात सोडते. दीड वाजेपर्यंत पातेलं रिकामं. आम्ही स्टुलावर बसलो. बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला, चावला, बराच वेळ चावला.

"रबर."

"आणि रस्सा?"

"गरम आहे."

"गरम आहे म्हणजे काय? कसा आहे?"

"गरम आहे म्हणजे गरम आहे. चल."

बाईने माझ्याकडे असं बघितलं की मीच तिच्या पातेल्यात पाय घातलाय. मी माफी मागितली आणि स्कूटर काढली.

दुसऱ्या ठिकाणी जायला बाजारातून रस्ता. हातगाड्या, रिक्षा, उलट दिशेने आलेला एक ट्रक, आणि मागून बाबांचं चालूच. हळू. ब्रेक. तो बघ डावीकडून. अगं, मारतेस का? मी मुद्दाम दोन खड्डे चुकवले नाहीत. शेंगदाण्याच्या चटणीतल्या शेवया मिळतात त्या दुकानाबाहेर नेहमीची रांग होती. वीस मिनिटं रांगेत गेली. मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते आणि बाबा भिंतीवरची जाहिरात वाचत होते.

"चिवट," शेवया खाऊन त्यांनी निकाल दिला.

"लोक रांग लावतात यासाठी!"

"लोकांचे दात चांगले असतील."

तिसरीकडे नारळाच्या दुधाचं सूप. हा माझा हुकमी एक्का होता. तिथे पोहोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. दाट, आलं आणि लिंबू घातलेलं, वास दारापर्यंत येतो. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले. त्यांनी चार चमचे घेतले, पाचवा घेताना थांबले, खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं आता बोलतात.

"गार झालंय," ते म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "बाबा, तुम्ही ठरवून आलाय ना? सरळ नाही म्हणायचं होतं. मला उन्हातान्हात का फिरवताय?"

"फिरवतेयस तू. मी मागे बसलोय."

चौथं ठिकाण बंद. दाराला कुलूप आणि 'घरी लग्न आहे' अशी चिठ्ठी. मी त्या चिठ्ठीला जे बोलले ते बाबांनी ऐकलं. परत फिरताना सिग्नलला आईचा फोन आला.

"अगं, तो आलासुद्धा. मेजरिंग टेप घेऊन भिंती मोजतोय. माझ्या खुर्चीच्या मागची भिंत मोजायची म्हणून मला उठवलं त्याने."

"आई, त्याला पाणी दे आणि बसवून ठेव."

"पाणी दिलं. कुठे आहात? हे जेवलेत का नीट?"

"ह्यांनी सगळ्या शहराला नावं ठेवलीयत."

"मग ठीक आहेत," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

सव्वापाच वाजले होते. शेवटचं ठिकाण उरलं होतं. कापड गल्लीच्या टोकाला एका जाड्या आचाऱ्याची चार टेबलांची खोली आहे. मश्रूमचं सूप आणि भाजलेला पाव, बाकी काही नाही. सुपाला दाटपणा काजूच्या सायीचा. दोन वर्षांत मी तिथे किती वेळा खाल्लं असेल याला गणती नाही, आणि कधी एकदाही शंका आली नव्हती. स्कूटर स्टँडवर लावताना माझा पाय घसरला, स्कूटर कलंडली, बाबांनी ती धरली.

"लक्ष कुठाय तुझं?"

"भूक लागलीय," मी म्हणाले. ते खोटं होतं. खरं तर मला रडायला येत होतं, आणि बापासमोर रडून दुकान मागायचं नव्हतं.

सूप आलं. बाबांनी चमचा उचलला, तोंडात घातला. मग दुसरा. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग तिसरा चमचा घेतला आणि वाडगा पुढे सारला.

"चोख," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"चोख आहे. आणखी एक सांग माझ्यासाठी. जिंकलीस तू. फोन लाव त्या फरशीवाल्याला, उठ म्हणावं तिथून."

मला काय झालं ते सांगता येणार नाही. सकाळपासून पहिल्यांदा मी श्वास सोडला. हसले, हसता हसता त्यांचाच चमचा घेतला, त्यांच्याच वाडग्यात बुडवला आणि तोंडात घातला.

दूध होतं. थोडंथोडकं नाही. साय होती, चांगली जाड साय, किंचित आंबूस. दूधवाल्याच्या घरातल्या कुठल्याही पोराला झोपेत कळेल अशी.

आता बघा, मी गप्प बसले असते तर दुकान माझं होतं. एवढा विचार करायला एक क्षण पुरला असता. पण आमच्या घरात तो क्षण कुणाला शिकवलेला नाही. भेसळ दिसली की तोंड आपोआप उघडतं. आजोबांचं उघडायचं, बाबांचं उघडतं. मी उभी राहिले आणि स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले, "यात दूध आहे! यात साय घातलीय तुम्ही!"

जाडा आचारी पुसणं हातात घेऊन बाहेर आला. चेहरा पडलेला. मिक्सर सकाळी जळाला, काजू वाटता आले नाहीत, आज एक दिवस म्हणून साय घातली, कुणाला कळलं नाही, माफ करा, तो भराभर बोलत होता. बाकीच्या टेबलांवरचे लोक आपापल्या वाडग्यात बघायला लागले. मी आणखी दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि वळून बाबांकडे बघितलं, की बघा बाबा, तुम्हीच सांगा याला.

बाबा वाडग्याकडे बघत होते. ओठांवरून जीभ फिरवत होते, पुन्हा पुन्हा, काहीतरी शोधत असल्यासारखी.

तेव्हा मला दिवसभराचं सगळं ऐकू आलं. रबर. गरम आहे. चिवट. गार झालंय. सकाळपासून या माणसाने एकदाही खारट म्हटलं नव्हतं, आंबट म्हटलं नव्हतं, तिखट म्हटलं नव्हतं. आणि मी समोर बसून फक्त भांडत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चल. उशीर होतोय."

स्कूटर सुरू केली. या वेळी त्यांनी हळू म्हटलं नाही, ब्रेक म्हटलं नाही. दोन सिग्नल गेल्यावर मागून, हेल्मेटच्या आतून आवाज आला.

"तो ताप आला होता ना मला. त्यानंतर. आधी वाटलं येईल परत. वास नाही, चव नाही, काही नाही. तोंडात नुसतं गरम किंवा गार."

"आम्हाला सांगायचं नाही?"

"काय सांगू? चाळीस वर्षं लोक माझ्या जिभेवर दूध नेतात." त्यांनी हेल्मेटचा पट्टा सैल केला. "शेजारच्या शिंपीणबाईची सासू आठवतेय, दवाखान्यातून आणली होती ती? तिच्या घरी गेलं ते दूध नासलेलं होतं. झाकणाचा वास घेतला, थेंब घेतला आणि चोख म्हणालो. रात्रभर उलट्या झाल्या म्हातारीला. मी दोन दिवस जाऊन त्यांच्या ओट्यावर बसत होतो, आणि त्यांना वाटत होतं, केवढा भला माणूस."

समोर बस होती, तिच्या धुराने डोळे चुरचुरत होते असं म्हणायला हरकत नाही.

"आणि मग तू म्हणालीस, खुर्ची टाकून बसा, चोख म्हणा. तुझ्याही गिऱ्हाइकांना घालू मी असलं?"

"मग आज चोख का म्हणालात?"

"तुझ्याकडे बघवेना," ते म्हणाले.

मला स्वतःचा इतका राग आला की मी स्कूटर बाजूला घेतली, उतरले आणि उगाच आरसा नीट करत बसले. महिनाभर मी त्यांना आडमुठे समजले होते. ते मागच्या सीटवर तसेच, आईचं हेल्मेट घालून बसलेले.

सहाला पाच मिनिटं कमी असताना दुकानात पोहोचलो. टाइल्सवाला उठून उभा राहिला, कागद पुढे केले, पेनाचं टोपण काढून दिलं. आई दारात. बाबांनी हेल्मेट काढलं, पेन हातात घेतलं आणि पुन्हा टोपण लावून त्याच्या खिशात ठेवलं.

"मी विकत नाहीये."

"अहो, पण शब्द दिला होता तुम्ही!"

"दिला होता. चुकलं माझं. दुकान हिला दिलं." त्याने कारण विचारलं नव्हतं, तरी बाबा बोलत राहिले, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "सहा महिने झाले, मला चव कळत नाही. नासकं दूध मी चोख म्हणून विकलंय. आणि हिला आज गप्प बसून दुकान मिळत होतं, तरी ही ओरडली. मी सहा महिन्यांत एकदाही ओरडलो नाही."

दुधासाठी पातेली घेऊन आलेली दोन गिऱ्हाइकं तिथे उभी होती. एकाने पातेल्यावर झाकण ठेवलं. टाइल्सवाला कागदांची गुंडाळी करून, बरंच काही पुटपुटत गेला. मी खोटं सांगणार नाही, मला दुकान मिळाल्याचा आनंद झाला. तो आनंद दाखवायला तोंड कुठे करावं ते मात्र कळेना.

आई अजून दारातच होती.

"सहा महिने?" ती म्हणाली. "सहा महिने ह्यांनी माझ्या भाजीला नाव ठेवलं नाही. मला वाटलं, माणूस सुधारला."

ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. आत जाऊन तिने चहा ठेवला. तिघांसाठी तीन कप आणले, आम्ही बसलो. बाबांनी आपला कप तोंडाला लावला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मग माझ्याकडे सरकवला.

"यात साखर घातलीय का गं?"

मी घोट घेतला.

"घातलीय," मी म्हणाले. "दीड चमचा."

"बरं," ते म्हणाले, आणि प्यायला लागले.