गोंड्याचे जोडे

बीड बायपासच्या मंगल कार्यालयात बद्रीनाथरावांचं डोकं सकाळपासून उठलं होतं, आणि त्याला कारण होतं होणाऱ्या जावयाचे जोडे.

मुलीनं, सोनियानं, वाळूजच्या कंपनीतल्या यानिस नावाच्या ग्रीक इंजिनिअरशी लग्न ठरवलं, इथवर त्यांनी गिळलं होतं. पण हा गडी लग्नात घालायला जे घेऊन आला, ते बघून गंगापूरची सगळी भावकी तोंड फिरवून हसत होती. लाल चामडं, वर वळलेलं टोक, टोकावर लिंबाएवढा काळा गोंडा आणि तळाला खिळेच खिळे.

"गोंडे अन् नाल," बद्रीनाथराव म्हणाले. "पोळ्याला चाललाय का लग्नाला?"

सोनियानं परोपरीनं समजावलं. ह्याला त्सारूखी म्हणतात. डोंगरातले मेंढपाळ हेच घालायचे, तुर्कांशी लढणारेही हेच, आणि आजही अथेन्सला पार्लमेंटपुढचे पहारेकरी हेच घालून उभे राहतात. गोंड्यामुळं बोटं पावसात भिजत नाहीत. कुणी म्हणतं, लढवय्ये त्यात पातं लपवायचे. बद्रीनाथरावांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला: त्सारूखी असो की चारोळी, चामडं घालून बोहल्यावर चढायचं नाही. यानिसनं मुकाट्यानं जोडे दारात काढले.

तिथंच घोळ झाला. मेहुणीनं नवऱ्याचे जोडे पळवायचे, ही रीत. पुतणी सायलीनं ते पळवले. पण ही रीत त्या परक्या पोराला सांगायचं कुणाला सुचलं नाही! कपडे बदलून तो बाहेर आला, तर दारात जोडे नाहीत. सासऱ्यानं फेकून दिले, अशीच त्याची समजूत झाली. तो पायरीवर बसला तो बसलाच. अक्षता वाटून झाल्या, भटजी घड्याळाकडे बोट दाखवू लागले, तरी हा जागचा हलेना.

बद्रीनाथराव तणतणत बाहेर आले. जोड्यांपायी मुहूर्त घालवणारा जावई त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. सायली हसत हसत मठ्ठ्याच्या पिंपामागून जोडे घेऊन आली, पण यानिसचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. त्यानं जोडे मांडीवर घेतले आणि बाहीनं पुसायला लागला.

शालू सावरत सोनियाही आली.

"त्याच्या वडलांचे हायत," ती म्हणाली. "त्यांनी सोताच्या लग्नात घातलेले. मागच्या वर्षी गेले ते. आई अंथरुणाला खिळलेली. त्याच्याकडून लग्नाला एवढेच आलेत, अण्णा."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी बैलावरून पुढं सरकलेच नाय."

बद्रीनाथरावांना लाज वाटली, आणि लाज वाटली की त्यांना जास्तच राग यायचा. व्याहीभेट राहिलीय हे एकाच्याही ध्यानात कसं नाही, म्हणून ते भटजींवर घसरले. टॉवेल-टोपी आणायला उशीर झाला म्हणून चुलत्यावर खेकसले. मग यानिसपुढं त्यांनी दोन्ही हात पसरले. त्यानं सोनियाकडं पाहिलं, तिनं मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं जोडे दिले.

बद्रीनाथरावांनी दोन्ही टोकांना गंध लावलं, वर टॉवेल-टोपीचा आहेर ठेवला आणि जोडे छातीशी धरले. खिळे नव्या नेहरू शर्टात रुतले, पण त्यांनी मिठी सैल केली नाही.

भावकी आ वासून बघत होती.

"बघत काय उभे ऱ्हायलात?" ते डाफरले. "पुढची खुर्ची मोकळी करा. व्याही आलेत."