कपाट विचारत नाही

भोंगीने माईकची मान खाली वाकवली, तशी सभागृहभर कर्कश शिट्टी घुमली. पहिल्या रांगेतल्या दादाने कपाळावर हात मारला. वर्षभरापूर्वी ती अचानक घडाघडा बोलायला लागली, तेव्हा भोंगी हे नाव त्यानेच ठेवलं होतं.

"तीन मिनिटं," टेबलामागचे साहेब म्हणाले.

शाळांच्या अनुदानाचे नवे नियम त्यांच्या सहीने पक्के होणार होते. मसुद्यात पुस्तकांना अनुदान होतं, कपाटांना होतं, अगदी पंख्यांनाही होतं. ग्रंथपालाच्या पगाराला नव्हतं. शाळेच्या ग्रंथपाल बाई मागच्या रांगेत गप्प बसल्या होत्या. ज्याच्या नोकरीचा प्रश्न, त्याने सुनावणीत तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता.

भोंगीने दादाने लिहून दिलेलं भाषण उघडलं. "मान्यवर, वाचन ही काळाची गरज..."

साहेबांनी जांभई दाबली. "सकाळपासून हेच ऐकतोय. पुस्तकं देतोय, कपाट देतोय. मुलांनी उघडावं, घ्यावं. मध्ये बाई कशाला?"

दादा नुसत्या ओठांनी पुढचं वाक्य सुचवत होता. भोंगीने कागदाची घडी घातली.

"साहेब, आमच्या बाई 'कुठलं पुस्तक हवं' असं विचारतच नाहीत. 'सध्या डोकं कशाने खाल्लंय?' असं विचारतात. मी म्हटलं, वर्गात उभी राहिले की माझी दातखीळ बसते. तर त्यांनी मला एका चोराची गोष्ट दिली."

हशा पिकला.

"खरंच! तो पकडला गेला की अशा काही थापा मारायचा ना! मी त्या आरशासमोर मारून बघितल्या. आता घरचे म्हणतात, पुरे कर बाई! कपाट असं विचारत नाही, साहेब. तुमचं डोकं कशाने खाल्लंय?"

दादाने डोळे गच्च मिटून घेतले.

"माझं?" साहेबांना हसू आलं. "नातवाने. मासे झोपताना डोळे का मिटत नाहीत, म्हणे. आठवडाभर भंडावून सोडलंय. आता तोही उघड्या डोळ्यांनी झोपणार आहे."

भोंगी काही बोलणार, तोच मागून आवाज आला.

"किती वर्षांचा आहे?"

सगळ्या माना मागे वळल्या. बाई उभ्या होत्या. आपण उभ्या आहोत, हे त्यांना बहुधा कळलंच नव्हतं.

"सहा."

"स्वतः वाचतो?"

"छे! चित्रं बघतो. वाचायला मी लागतो."

"मग रात्री तळ्याच्या तळाशी काय काय चालतं, त्याचं एक पुस्तक आहे. उत्तर अगदी शेवटी येतं. आजोबांना मधेच सटकता येत नाही."

"बाई, तुम्हाला बोलायची परवानगी..." कारकून पुटपुटला. साहेबांनी त्याला हातानेच थोपवलं. मसुद्याच्या समासात ते लिहून घेत होते.

"कुठे मिळेल?"

"शाळेतच. खालून दुसरा कप्पा. मी काढून ठेवते." बाई जराशा अडखळल्या. "महिनाअखेरीच्या आत या मात्र."

"का? नंतर सुट्टी?"

बाईंनी त्यांच्या हाताखालच्या मसुद्याकडे पाहिलं. साहेबांनी मान खाली घातली आणि ज्या कागदावर लिहीत होते, तो वाचायला लागले.

वेळ संपल्याची घंटा वाजली. भोंगी माईकपासून मागे सरली.

"तू कुठे निघालीस? थांब," साहेब म्हणाले. "आणि बाई, तुम्ही पुढे या."

कारकून खुर्ची शोधू लागला, तोवर दादाने आपली उचलूनही आणली होती.