दोन मुठींची करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. सुताराच्या पेटीत असते तसली एका हाताची छोटी करवत नव्हे. माझी लांबी चांगल्या उंच माणसाएवढी होती आणि मला दोन्ही टोकांना दोन मुठी होत्या. एकट्या माणसाला माझा काडीचा उपयोग नव्हता. लाकडाच्या वखारीत मोठमोठे ओंडके येत, यंत्राच्या तोंडात न मावणारे. ते कापायला दोन माणसं समोरासमोर उभी राहत आणि मधे मी.

माझी गोष्ट मी तुम्हाला आज सांगते आहे. जेव्हा सांगायला हवी होती तेव्हा मला बोलता आलं नाही. अवजारांचं हेच दुखणं आहे. सगळं त्यांच्यासमोर घडतं आणि त्यांना तोंड असून नसल्यासारखं.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्यानं पोलादाची लांब पट्टी तापवली, ठोकली, पुन्हा तापवली. मग कानशीनं घासून घासून एकेक दाता काढला. एक दाता किंचित डावीकडे वाकवला, पुढचा उजवीकडे. मला विकत घ्यायला वखारीचे मालक आले तेव्हा लोहार त्यांना म्हणाला, "हिला ढकलायचं नाही. ज्याची पाळी त्यानं ओढायचं. तेव्हा समोरच्यानं हात सैल ठेवायचा. सैल म्हणजे सोडायचा नाही हं."

मालकांनी मान डोलावली. हे ऐकताना सगळेच मान डोलावतात.

वखारीत माझ्या एका मुठीवर दाजी आले आणि दुसरीवर मामा. दाजी म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. ताईंची मुलं दुपारी दोघांचे डबे घेऊन यायची आणि फाटकातूनच "मामा" म्हणून हाक मारायची, म्हणून अख्खी वखार त्यांना मामा म्हणू लागली. अगदी पांढऱ्या केसांचे गाडीवानसुद्धा.

मामांचा देवावर फार विश्वास होता. रोज सकाळी पहिल्या कापाआधी ते माझ्या मुठीवर हात ठेवून डोळे मिटत आणि मनातल्या मनात प्रार्थना करत. दाजींचा देवावर अजिबात विश्वास नव्हता. ते समोर माझी दुसरी मूठ धरून उभे राहत. त्यांनी मूठ सोडली असती तर मी त्या बाजूनं खाली कलले असते आणि माझे दाते लाकडावर आपटले असते. म्हणून मामांची प्रार्थना संपेपर्यंत दाजी मला सरळ धरून ठेवत, हलत नसत.

दाजींचीही एक रीत होती. ओंडका कितीही चांगला दिसो, ते हातोडीच्या दांड्यानं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून बघत. कान लावत. जुन्या झाडात कुणी कधी खिळा मारलेला असतो, तारेचा तुकडा रुतलेला असतो, आणि वरून साल वाढलेली असते. तेवढा वेळ मामा मला धरून उभे राहत. देवाचं नाव घेऊन काम सुरू केलंय, आता काय व्हायचंय, असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

म्हणजे दोघं गप्प राहत असं मात्र समजू नका.

"मेहुणे," दाजी म्हणत, "तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का? फार वेळ लागतो."

"त्याला तुमचंही ऐकावं लागतं ना, दाजी. तुम्ही बोलत नाही, म्हणून जास्त वेळ जातो."

आणि दाजी ओंडक्याला कान लावून बसले की मामा विचारत, "काय डॉक्टर, नाडी लागते का?"

एकदा एका ओंडक्यात खरोखरच हाताएवढी लोखंडी पट्टी निघाली. मामा म्हणाले, "बघा, देवानंच दाखवलं तुम्हाला." दाजी म्हणाले, "मग उद्यापासून त्यालाच बोलवा ठोकायला. मी जरा उशिरा येत जाईन." दोघं इतके हसले की मालक पत्र्याच्या खोलीतून बाहेर आले.

दाजींची आई वारली, त्यानंतर ते पहिल्यांदा कामावर आले तो दिवस मला चांगला आठवतो. मामांनी मुठीवर हात ठेवला, पण डोळे मिटले नाहीत. म्हणाले, "दाजी, आईंसाठी मी काही मागितलं तर चालेल का? तुम्हाला नको असेल तर राहू दे."

दाजींनी थोडा विचार केला. म्हणाले, "मागा. मनात मागा. तिला तुम्ही आवडायचात."

त्या दिवशी दाजींनी मूठ इतकी घट्ट धरली होती की तिचं लाकूड गरम झालं होतं.

अशी कितीतरी वर्षं गेली. माझं कौतुक व्हायचं. "या जोडीचा काप म्हणजे सुरीनं लोणी कापल्यासारखा," असं गाडीवान म्हणत. कौतुक जोडीचं असायचं, पण त्यात मीही आले असं मी समजत असे.

मग एक मोठा ओंडका आला. गावात नवं प्रार्थनाघर बांधायचं होतं आणि त्याच्या छताची मुख्य तुळई या ओंडक्यातून निघायची होती. मामांना आनंद आवरेना. त्यांच्या हातून देवाच्या घराची तुळई कापली जाणार होती.

पण प्रार्थनाघरातली काही मंडळी मामांना म्हणाली, "तुळई तुम्ही कापणार, छान. पण समोर कोण असणार? तो न मानणारा? त्याचा हात लागायचा का त्या लाकडाला?" मामा म्हणाले, "ते माझे दाजी आहेत." मंडळी म्हणाली, "मग इतक्या वर्षांत तुम्हाला त्यांना सुधारता नाही आलं?" हे मामांना लागलं.

इकडे दाजी संध्याकाळी वाचनालयात जात. तिथं त्यांच्यासारखे न मानणारे दोस्त जमत. ते म्हणाले, "तू रोज त्याच्या प्रार्थनेला हात बांधून उभा राहतोस म्हणे. आता देवाची तुळईही कापणार. घरी एखादी घंटाही घेऊन टाक." सगळे हसले. दाजीही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत, असं ताई दुसऱ्या दिवशी स्वतः डबा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या. मला हे सगळं असंच कळे, तुकड्यातुकड्यांनी. वखारीत लोक भिंतीशी बोलल्यासारखे माझ्यासमोर बोलत.

त्या सकाळी ओंडका दोन ठोकळ्यांवर चढवला होता. मला त्याच्यावर ठेवलं. मामांनी मुठीवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं प्रार्थना केली. पलीकडे गाडीवान उभे होते, त्यांना ऐकू जाईल इतकी मोठ्यानं. आणि शेवटी म्हणाले, "देवा, माझ्या समोरच्या माणसाला सद्बुद्धी दे."

माझ्या दुसऱ्या मुठीवरचा हात थंड पडला.

"माझ्यासाठी मागताना मला विचारायचं असतं, मेहुणे," दाजी हळू म्हणाले.

"वाईट काय मागितलं?"

दाजींनी हातोडी उचलली आणि ओंडक्याकडे वळले. तेव्हा मामा म्हणाले, "आज ठोकू नका. हे प्रार्थनाघराचं लाकूड आहे. त्यावर संशय नको."

मित्रांनो, दाजींनी तरीही ठोकून बघायला हवं होतं. त्यांना ते कळत होतं. पण ते म्हणाले, "ठीक. तुमचं लाकूड, तुमचा देव." हातोडी खाली टाकली आणि मामांची पकड नीट बसायच्या आत मला ओढलं.

त्या दिवशी दोघं मला ओढत नव्हते, ढकलत होते. मी मधे वाकत होते, कण्हत होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं की थांबा, जरा थांबा. पण करवतीचा आवाज म्हणजे काम चालल्याचा आवाज, असंच सगळे समजतात.

ओंडक्याच्या मध्यापर्यंत गेलो आणि आत खिळा होता.

माझे तीन दाते एका झटक्यात तुटले. एक उडून मालकांच्या खोलीच्या पत्र्यावर लागला.

"काढला का तुमच्या देवानं खिळा?" दाजी म्हणाले.

"तुमच्यासारखा माणूस समोर असल्यावर दुसरं काय होणार," मामा म्हणाले.

ही वाक्यं बोलून झाल्यावर दोघांचे चेहरे उतरले. मी दोघांच्याही मधे होते, मला दोन्ही चेहरे दिसत होते. त्यांना मात्र एकमेकांकडे बघवलं नाही. मामा एका फाटकानं गेले आणि दाजी दुसऱ्यानं. मी ओंडक्यातच राहिले.

दुपारपर्यंत ओंडका स्वतःच्या वजनानं मधे खचला, काप मिटला आणि मी आत पकडले गेले. अशी अडकलेली करवत काढायची असेल तर एकानं कापात लाकडाची पाचर ठोकायची आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं करवत ओढायची. एकट्यानं होत नाही. मालकांनी दोन नवे मजूर लावून पाहिलं. त्यांनी इतकी हिसकाहिसकी केली की मालकच म्हणाले, "राहू द्या. ज्यांनी अडकवली तेच काढतील."

प्रार्थनाघरासाठी दुसऱ्या वखारीतून लाकूड नेलं. मामा तिकडेच कामाला लागले. दाजी वखारीत राहिले, पण यंत्रावर. मला ओंडक्यासकट कुंपणाशी सरकवलं.

पावसाळे आले, गेले. मला गंज चढू लागला. ताईंनी एकदा जुनं मेणकापड आणून माझ्यावर टाकलं आणि चारी टोकांना विटा ठेवल्या. वाऱ्यानं ते उडालं तेव्हा पुन्हा आणून टाकलं.

सर्वांत अवघड गोष्ट आता सांगते. ते दोघंही येत असत. मामा कामावर जाताना कुंपणापाशी थांबत, आत हात घालून आपल्या बाजूची मूठ धरत आणि डोळे मिटत. दाजी संध्याकाळी निघताना कानशीच्या डब्यातलं उरलेलं तेल बोटानं आपल्या बाजूच्या पात्याला लावत. एक सकाळी येई, एक संध्याकाळी. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती, आणि मी दोघांनाही पाहत होते. मला एक वाक्य जरी बोलता आलं असतं, "ते येऊन गेले" एवढंच, तरी पुरलं असतं. तेल एका बाजूला लागलं आणि माझा मधला भाग, जिथं दाते तुटले होते, तो लाकडात गंजत राहिला. तिथं कुणाचाच हात पोचत नव्हता.

ताई भावाकडे गेल्या की म्हणत, "तू ये ना घरी." मामा म्हणत, "त्यांनी बोलावलं तर येईन." घरी येऊन ताई नवऱ्याला सांगत. दाजी म्हणत, "मी कधी नको म्हटलंय?" शेवटी ताई थकल्या. एकदा माझ्यावरचं मेणकापड नीट करताना स्वतःशीच म्हणाल्या, "एकाचा देव आहे, एकाचा नाही, आणि धड जेवत दोघंही नाहीत. एक माझ्या घरी येत नाही, दुसरा पोटभर जेवत नाही."

मग मालकांनी वखार विकायला काढली. कुंपणाशी पडलेलं सगळं लाकूड जळणासाठी जाणार होतं. ताईंनी हे दोघांना सारख्याच शब्दांत सांगितलं: "उद्या करवतीसकट ओंडका भट्टीत जाईल. मला आता काही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघंही आले. दोघांचे खांदे वाकले होते.

"आलात?" मामा म्हणाले.

"हो. तुम्ही आलात ना."

दाजींनी कापाच्या तोंडाशी पाचर लावली. मामांनी मूठ धरली. मग मामा म्हणाले, "आधी ठोकून बघायचं असेल तर बघा. मी थांबतो."

दाजींनी मान खाली घातली. म्हणाले, "आणि तुमचं? तुमचं करून घ्या."

मामांनी डोळे मिटले. दाजी हातोडा खाली टेकवून उभे राहिले. वखारीत एक कुत्रं तेवढं अंग झटकत होतं. इतक्या वर्षांत इतकं सुख मला झालं नव्हतं, आणि मला भीतीही वाटत होती, कारण माझ्या मधल्या भागात काय उरलं आहे ते फक्त मलाच माहीत होतं.

दाजींनी घाव घातला. काप उघडला. मामांनी ओढलं, दाजींनी धावत येऊन दुसरी मूठ धरली आणि उचललं. मी निघाले.

पण अख्खी निघाले नाही. जिथं खिळा लागला होता तिथं मी मोडले. अर्धी मामांच्या हातात, अर्धी दाजींच्या.

दोघं ओंडक्यावर बसले.

"देवाची मर्जी असं म्हणालो तर राग येईल का?" मामांनी विचारलं.

"म्हणा," दाजी म्हणाले. "मी नाही म्हणणार. मी म्हणेन, आपण उशीर केला."

"तेही खरंच आहे," मामा म्हणाले.

त्या दिवशी मामा ताईंकडे जेवायला गेले. अजूनही जातात. दाजी अजून देव मानत नाहीत, मामा अजून प्रार्थना करतात आणि जेवताना दोघं एकमेकांची थट्टा करतात. पण लाकूड कापणं संपलं. माझा एक तुकडा मामांच्या घरी खिडकीशी टांगला आहे. दुसरा दाजींच्या घरी दारामागे आहे, त्याच्या मुठीवर मुलं मोजे वाळत घालतात. दोन्ही घरांत पाहुण्यांना मला दाखवतात. कापायला मात्र कुणी घेत नाही. घेणार तरी कसं?

मित्रांनो, तुमच्याही बाकावर एखादा देव मानणारा आणि एखादा न मानणारा शेजारी शेजारी बसत असेल. त्यांनी वाद घालावा. दाजी आणि मामा रोज घालत, आणि त्या वादानं माझा एकही दाता गेला नाही. एखाद्या दिवशी भांडण झालं, वर्मी लागेल असं कुणी बोललं आणि घरी निघून जावंसं वाटलं, तर जा. पण जाण्याआधी दोघांनी मिळून करवत बाहेर काढून ठेवा. माणसं एकमेकांची वाट बघत वर्षानुवर्षं बसू शकतात. लोखंडाला ते जमत नाही. ते गंजतं.