डावा गुडघा

विश्वास कुणी ठेवणार नाही, म्हणून आधीच सांगतो: अख्ख्या अमेरिकेत लॅक्रॉस खेळून पगार घेणारा पहिला मराठी माणूस माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर बसतो. आमचा संजीव. तेविसाव्या वर्षी रिटायर! झाला नाही, केला. त्या नालायक कोचने! सत्त्याऐंशी साल जाऊन एकोणनव्वद आलं, तरी त्या माणसाचा विषय निघाला की माझं बीपी चढतं, आणि मी स्वतः डॉक्टर आहे.

परवा रविवारी गिरीश आणि मालिनी आमच्याकडे, श्रूजबरीला जेवायला होते. पुऱ्या गरम, मी त्याहून.

"गिरीश, टोकाला जाळी लावलेली ती काठी ह्याने फिरवली की बॉल दिसायचा नाही, नुसता आवाज! एकदा गोल फाडून बॉल थेट पॉपकॉर्नच्या मशीनमध्ये. एकाने तो चावला. दात हातात घेऊन माझ्याकडे आला."

"मागच्या वेळी हॉटडॉग होता," गिरीश म्हणाला.

"हसा! पण तो सात फुटी राक्षस ह्याच्या अंगावर पडला तेव्हा..."

"साडेसहा होता ना?" मालिनी म्हणाली.

"वाढतं वय आहे त्याचं! आठ दिवसांत बरा झाला असता माझा मुलगा. पण कोचचा फोन नाही, भेट नाही. पत्र टाकून काढलं! मेडिकली अनफिट! लाज नाही वाटली?" मी टेबलावर मूठ आपटली. श्रीखंडाची वाटी उडाली.

"अहो, पुरे," मीनाक्षी म्हणाली. हा विषय निघाला की ती एवढंच म्हणते.

संजीव खाली मान घालून होता. तेव्हापासून त्याची काठी गॅरेजमध्ये धूळ खाते. मेडिकल कॉलेजला जातो, पण माझं काय चुकलं, कोचने का काढलं, एवढंच विचारत राहतो.

"डॉक्टर, तुमच्या एका कागदाचं काम होतं," गिरीश म्हणाला. "इंडिया ट्रिपच्या रजेसाठी मला स्लिप डिस्क दिलीत, हिला कावीळ."

"अर्धं श्रूजबरी माझ्या लेटरहेडवर आजारी पडलंय!" मी म्हणालो. "पण तिथे मला विचारतो कोण? मेडिकलची सीट हातात होती म्हणून निभावलं. नाहीतर ह्या डाव्या गुडघ्यापायी त्या कोचला मी कोर्टात खेचला असता!"

संजीवने पुरी खाली ठेवली.

"बाबा, व्हिच नी?"

"डावा. का?"

"माझा उजवा दुखला होता. टीमच्या डॉक्टरने उजवाच बांधला. डावा फक्त कोचच्या पत्रात होता. 'सर्टिफिकेटप्रमाणे डावा गुडघा निकामी.' मला वाटलं, टीमचा डॉक्टर चुकला. आय हेटेड दॅट मॅन. दोन वर्षं!" त्याचा आवाज चढला. "अनफिट म्हणून काढलं, एवढंच मी घरी सांगितलं. ते पत्र कुणालाच दाखवलं नाही. आईलासुद्धा नाही. बाबा, ते सर्टिफिकेट तुम्ही लिहिलंत!"