रांधते हिरवी, नाव बुरशीचं

माझा मावसभाऊ हिरालाल नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. १९५४ च्या माघात मी त्याला मुलगी दाखवायला केळझरला नेलं, आणि गावाच्या अलीकडेच तो दगड चाटू लागला.

दगड पुनाजींच्या धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा. मुलगीही पुनाजींचीच.

दगडावर राखाडी दगडफूल होतं. मसाल्यातलं सोलून निघतं. हे असं चिकटलेलं की छिन्नीशिवाय सुटू नये. हिरालालच्या म्हणण्याप्रमाणे अशा दोन जाती दिसायला सारख्याच, पण एक कडू आणि एक बेचव. ओळखायची शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे जीभ.

"कडू!" तो गुडघ्यांवरूनच आनंदाने ओरडला. धुऱ्यापलीकडे पुनाजी उभे होते.

घरी आम्हाला पोह्यांऐवजी मीठ-गूळ मिळाला. पुनाजी बैलांचे जाणकार. दगड चाटणाऱ्या जनावराच्या अंगात मीठ कमी असतं, हे त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "बाकी दात चांगले हायेत," ते म्हणाले.

मुलगी, नलू, आली. प्रश्न आम्ही विचारायचे, पण तिनेच सुरुवात केली. "दगड काऊन चाटून राह्यले होते?"

इतका वेळ जमिनीकडे बघणारा हिरालाल खुलला. "दगडावरचं ते एक झाड नाहीच. दोघांचा संसार आहे. बुरशी दगड धरून घर बांधते. आत हिरवं शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं."

"रांधते कोन म्हनले?" नलूची आई जिजाबाई आतून.

"हिरवी."

"मंग कॉलेजात नवीन काय शिकवतात?"

"आन नाव कोनाचं लागते?" नलूने विचारलं.

हिरालालला खोटं बोलता येत नाही. "बुरशीचं. चार वर्षांपूर्वी विलायतेकडे परिषद भरली, तिथं तसं ठरलं."

"शेवाळाले इचारलं?"

"नाही."

"माह्या नावाचं काय ठरलं?"

मावशीने मुलगी न बघताच सुनेचं नाव सुलोचना ठरवलं होतं. गाढवाने तेही सांगितलं.

"मंग मले नाई जमत," म्हणून नलू उठली.

हिरालाल तिच्याआधी दारात पोचला. दगडफुलासाठीसुद्धा तो इतक्या चपळाईने उठत नाही. "नाव नलूच राहील! आईला मी सांगतो."

पुनाजींनी माझ्याकडे पाहिलं. "मीठ लागू पडलं."

वैशाखात लग्न झालं. नवरीचं नवं नाव अंगठीने लिहायला तांदळाचं ताट पुढे आलं, तेव्हा घोटाळा झाला. नाव तर बदलायचं नव्हतं. पण भटजी म्हणाले, ताट कोरं परत न्यायचा रिवाज नाही, कोणाचं तरी बदला.

नलूने अंगठी घेतली, थोडा विचार केला आणि लिहिलं: टिकाराम.

हिरालालने वाचलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाला.

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेलो, हिरालाल आहे का म्हणून विचारलं. नलू दारातूनच म्हणाली, "या नावाचं इथं कोनी नाई राहत."

मग आतून टिकाराम चहा घेऊन आला.