कापलेला चौकोन

मित्रांनो, माझ्या शेवटच्या पानाला एक चौकोनी भोक आहे. ते उंदरांनी पाडलेले नाही, कात्रीने पाडलेले आहे.

मी एक जुने कॉमिक आहे, परिचारिकांच्या प्रेमकथांचे. छापणाऱ्यांनी मला इतका हलका कागद दिला, की मी वर्षभर टिकावे अशीही त्यांची अपेक्षा नव्हती. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका कोळसाखाणीच्या गावात ओपल नावाच्या मुलीने मला धाकट्या बहिणीसाठी विकत घेतले. व्हर्लीन तिचे नाव. तापाने तिचे हृदय अधू झाले होते, आणि स्वयंपाकघरात शेगडीजवळ तिची खाट होती.

माझ्या पाठीवर 'घरबसल्या परिचारिका व्हा' अशी जाहिरात होती. ओपलने मला वाचलेही नाही. जाहिरातीतली अर्जाची चौकट कापली, नाव-पत्ता लिहिला आणि टपालात टाकली. चौकटीच्या मागच्या अंगाला माझ्या गोष्टीचे शेवटचे चित्र होते. तेही गेले.

गोष्टीतल्या नर्स जोनला डॉक्टर म्हणतो, "आजच माझ्याबरोबर शहरात चल, आपण लग्न करू." खाटेवर तिची म्हातारी रोगी शेवटच्या घटका मोजत असते. जोनचे उत्तर मात्र त्या कापलेल्या चित्रात होते.

"मग ती काय म्हणाली?" व्हर्लीन रोज विचारी.

"हो म्हणाली. थाटात लग्न झालं."

"काल तर डॉक्टर घोड्यावरून पडला होता!"

"पडला, कपडे झटकले आणि लग्नाला आला."

"खोटारडी! कात्री चालवायच्या आधी वाचायचं तरी होतंस."

खरे उत्तर मला ठाऊक होते. जोन पांढरी टोपी खुंटीला अडकवते आणि डॉक्टरचा हात धरून निघून जाते. त्या चित्रात म्हातारीची खाट काढायचीही चित्रकाराला गरज वाटली नव्हती.

हिवाळ्यात व्हर्लीनचे पाय सुजले, ओठ निळे पडले. आडवे झाले की तिला श्वास पुरेना. एका दुपारी ती म्हणाली, "ओपल, आज थट्टा नको. जोन त्याच्याबरोबर गेली का गं?"

ओपलने माझ्या भोकावर बोट ठेवले.

"नाही गेली. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही व्हा पुढे. माझी पेशंट अजून जागी आहे."

"आणि राहिली?"

"राहिली."

"हे खरं वाटतंय," व्हर्लीन म्हणाली आणि तिने डोळे मिटले. तिचा हात माझ्यावरच होता. दिवेलागणीच्या आत तो गार पडला. वडील खाणीतून येईपर्यंत ओपल जागची हलली नाही.

पुढच्या आठवड्यात अभ्यासक्रमाचे पाकीट आले. ओपलने ते न उघडताच माझ्या पानांत ठेवले आणि आम्हा दोघांना पेटीत टाकले. ते अजून तसेच बंद आहे. मी पिवळे पडले आहे. कुणी हात लावला, तर माझे तुकडे पडतील.

मित्रांनो, पुस्तकांना कात्री लावू नका. पण माझे ते चित्र गेले, याचे मला दुःख नाही. एखाद्या आजारी माणसाने तुम्हाला "पुढे काय झालं?" असे विचारले, तर सुचेल ते सांगा. फक्त त्याच्या खाटेजवळून उठून जाऊ नका.