पिवळी पट्टी

आमच्या साहेबांना मी मनातल्या मनात फीतसाहेब म्हणायचे. पुढे मनातलं ओठांवर आलं आणि ते नाव सगळ्या कचेरीचं झालं. नवी योजना आखायची म्हटली की आम्ही बाकीचे विचारतो, किती न्यायालयं, किती यंत्रं, लोकांना शिकवणार कोण, बिघडलं तर काय. हे आधी विचारत, फीत कोण कापणार? पाहुणा ठरला की तारीख ठरे, आणि मग सगळं काम त्या तारखेत कोंबायचं. राज्यातल्या झाडून साऱ्या न्यायालयांचे संगणक या माणसाच्या हातात होते आणि त्याला स्वतःच्या खोलीतला प्रिंटर चालू करता येत नसे. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण यांना शेळी ओळखूही आली नसती.

हे मी रागाने सांगते आहे. राग आहेच, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

न्यायालयाचं काम कागदावरून संगणकावर न्यायचं ठरलं, तेव्हा आराखडा मी केला होता. त्यात दोन प्रती होत्या. एक खरी. तिच्यात न्यायाधीशांचा आदेश भरला की तो तिथल्या तिथे तुरुंगाच्या नाहीतर पोलीस ठाण्याच्या स्क्रीनवर जातो. दुसरी सरावाची. दिसायला हुबेहूब तीच, पण तिच्यातून बाहेर काही जात नाही. लिपिकांनी हात बसवायचा तो तिच्यावर. दर शुक्रवारी संध्याकाळी ती आपोआप पुसली जाते आणि सोमवारी पाटी कोरी. दोन्हींत गफलत होऊ नये म्हणून सरावाच्या प्रतीवर मी वरच्या बाजूला चांगली बोटभर जाड पिवळी पट्टी ठेवली होती. तिच्यावर ठळक अक्षरांत 'सराव'.

उद्घाटनाच्या आधी फीतसाहेबांनी ती पाहिली आणि नाक मुरडलं. "हे काय बाई? रस्ता दुरुस्तीचा फलक लावलाय का? मुख्य न्यायमूर्ती येणार आहेत."

"साहेब, पट्टी काढली तर दोन्ही प्रती सारख्या दिसतील. कुणीतरी खरा आदेश सरावात भरून बसेल."

"शेंबड्या पोरालाही कळेल कुठली कुठली ते. काढा ती."

मी लेखी विरोध नोंदवला. त्यावर उत्तर आलं नाही. पट्टी गेली.

आता माझ्या धाकट्या भावाचं सांगते. तो मालवाहू गाडी चालवायचा. गोदामात माल उतरवताना बाचाबाची झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि याच्यावर गुन्हा दाखल झाला. मारलं कुणी, तो भाग वेगळा. आई तेव्हा रुग्णालयात होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याला जामीन मिळाला तेव्हा मी न्यायालयात बसले होते. न्यायाधीश भले होते, आईचं ऐकून म्हणाले, याला आजच सोडा. मी धावत रुग्णालयात गेले आणि आईच्या कानाशी सांगितलं, "संध्याकाळी येतोय गं तो." आई चक्क हसली.

तो संध्याकाळी आला नाही. तुरुंगाच्या फाटकावरचा माणूस म्हणाला, "आमच्या स्क्रीनवर काही नाही." मी आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल पुढे केली. तो म्हणाला, "कागद बंद झालाय ना आता. तुम्हीच तर बंद केलात." खरंच होतं. फीतसाहेबांचं परिपत्रक होतं, स्क्रीनवर नसेल तो आदेशच नव्हे. तो दिवस शुक्रवार होता. लिपिकबाईंनी माझ्या भावाच्या सुटकेचा आदेश सरावाच्या प्रतीत भरला होता, आणि मी फाटकावर हुज्जत घालत असताना तो पुसलाही गेला.

दुसरा नियमही साहेबांचाच. कुणी लबाडी करू नये म्हणून आदेश भरायचा, बदलायचा किंवा मागे घ्यायचा तो ज्या न्यायालयाचा आहे त्यानेच. ते न्यायाधीश सोमवारपासून रजेवर गेले. मी फीतसाहेबांच्या दारात उभी राहिले, अक्षरशः पदर पसरला. "नियम सगळ्यांना सारखा, बाई. आपल्याच घरच्यांसाठी वाकवला तर लोक काय म्हणतील?" असं म्हणून ते जेवायला गेले.

न्यायाधीश रजेवरून परतेपर्यंत, आठवडाभर, भाऊ आत राहिला. आईला मी घरी आणलं होतं, ती मधेच गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती आणि कुणाचाही पाय वाजला की विचारायची, "धाकटा आला का?" मी दर वेळी म्हणायचे, येतोच आहे. तो आला तेव्हा घरात आईची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. तो खाटेकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "ताई, जामीन तर मिळाला होता ना?"

चौकशी झाली. चौकशी अधिकारी कोण, तर फीतसाहेब. निष्कर्ष असा की प्रणाली निर्दोष आहे, चूक लिपिकाची. त्या बाईंची दूरच्या अभिलेख कक्षात बदली केली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. जाताना त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्याच दिवशी मी ठरवलं की याचं उट्टं काढायचं. तक्रारी करून पाहिल्या होत्या. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. म्हणून मी शाप देणं बंद केलं आणि नीट कामाला लागले. इतकी नीट, की फीतसाहेब सगळ्यांना सांगू लागले, "बाई आता सुधारल्या."

भाऊ गाडी चालवेनासा झाला. घरीच खोकी चिकटवायचं काम घेऊन बसला. मी कधी विषय काढला की म्हणायचा, "जाऊ दे." मी जाऊ देणारी नव्हते.

फीतसाहेबांची एक गंमत होती. नवी प्रणाली कुणालाही दाखवायची झाली की ते खुर्चीत बसत आणि आरोपी म्हणून स्वतःचंच नाव-पत्ता भरत. मग स्वतःवर अटकेचं वॉरंट काढत, तेही बिनजामिनाचं. "बघा, न्यायापुढे सगळे सारखे!" पाहुणे खदखदून हसत. पाहुणे बदलत, विनोद तोच. अर्थात हे सगळं सरावाच्या प्रतीत, आणि ती आधी उघडून ठेवण्याचं काम माझं.

पुढच्या पाच वर्षांची योजना मंजूर करायला न्यायमूर्तींची समिती बसली, तेव्हा त्या योजनेबरोबर साहेबांची बढतीही मंजूर व्हायची होती. शुक्रवारची दुपार, लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, भिंतीवर मोठा पडदा. मी दोन्ही प्रती उघडल्या, शेजारी शेजारी. त्यांना चुकायला मी लावलं नाही. माझ्या लिपिकबाईंना चुकायची जेवढी संधी होती, तेवढीच यांना दिली.

ते आले, मला हातानेच बाजूला सारलं आणि उजवीकडच्या खिडकीवर टिचकी मारली. पडद्यावर प्रकरणांची यादी आली. सरावातल्या प्रकरणांचे क्रमांक शून्याने सुरू होतात. या यादीत सकाळी दाखल झालेली खरी प्रकरणं होती. अक्षर बारीक, पण मला वाचता येत होतं. त्यांना थांबवावंसं वाटलं, नाही म्हणत नाही. पण त्याच्यावर दुसरं काहीतरी चढलं आणि ते फार गोड होतं.

साहेबांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते का? बोलले असते, बेलाशक. पण त्यांनी विचारलं नाही. न्यायमूर्तींसमोर कसं विचारणार? शेंबड्या पोरालाही कळतं ना! त्यांनी नाव भरलं, पत्ता भरला. प्रमुख म्हणून त्यांच्याकडे सगळ्या न्यायालयांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, होत्या, त्या त्यांनी हट्टाने मागून घेतल्या होत्या. मुख्य न्यायालयाच्या नावाने वॉरंट निघालं. सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसले.

संध्याकाळी पोलीस त्यांच्या दारात गेले. त्यांचा ड्रायव्हर मला सांगताना हसू दाबत होता. साहेब म्हणाले, "अहो, ती माझीच गंमत होती." हवालदार म्हणाला, "आम्हाला गंमत कळत नाही साहेब. स्क्रीनवर आलंय, चला."

ठाण्यातून मला फोन आला. "बाई, ताबडतोब मागे घ्या ते!"

"कसं घेऊ, साहेब? ज्या न्यायालयाचा आदेश त्यानेच मागे घ्यायचा. सोमवारी उघडेल."

"अहो, मी सांगतोय ना!"

"नियम सगळ्यांना सारखा, साहेब," मी म्हणाले. हे वाक्य मी रोज सकाळी वेणी घालताना म्हणून पाहिलेलं होतं. पलीकडे फोन आपटला गेला.

शनिवारी सुट्टीच्या पाळीवरच्या न्यायाधीशांसमोर त्यांना उभं केलं. न्यायाधीशांनी वॉरंट पाहिलं, ते बरोबर होतं. "गंमत होती की नव्हती हे ज्या न्यायालयाने काढलं ते ठरवेल," म्हणाले. फीतसाहेबांची रवानगी तुरुंगात झाली, माझा भाऊ होता त्याच तुरुंगात. ते दोन दिवस मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. कुणाला हे वाईट दिसत असेल तर दिसू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

सोमवारी मुख्य न्यायालयाने वॉरंट रद्द केलं आणि मी तिथल्या लिपिकाशेजारी बसून तो आदेश खऱ्या प्रतीत भरवून घेतला, दोनदा तपासून. त्यांना आणखी अडकवता आलं असतं. मोह झाला होता. पण मला त्यांचं तोंड बघायचं होतं आणि तेवढाही धीर उरला नव्हता. मी कचेरीच्या गाडीतून तुरुंगाच्या फाटकावर गेले. ते बाहेर आले ते सदरा चुरगळलेला, पट्टा हातात. मला पाहून थबकले.

"तुम्हाला दिसत होतं, बाई."

"दिसत होतं."

त्यांना ओरडायचं होतं, पण ओरडून सांगणार काय? दोन्ही प्रती सारख्या दिसतात हे एकदा तोंडातून निघालं की माझ्या भावाच्या आदेशाची चौकशी पुन्हा उघडली असती. बढती तर तशीही गेली होती, समिती त्यांच्या नावाने हसत होती. ते मुकाट्याने गाडीत बसले. त्यांच्या घरापर्यंत मी पुढच्या सीटवर बसून गेले, शेवटचा घास सोडवत नाही तशी.

दार त्यांच्या आईने उघडलं. पार वाकलेली म्हातारी, चौकटीला धरून उभी. साहेब कामाने बाहेरगावी गेलेत असं तिला सांगितलं होतं. तिने दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं आणि म्हणाली, "किती वाळलास रे. जेवलास का?"

मी तिथून थेट भावाकडे गेले. तो जमिनीवर बसून खोकी चिकटवत होता. मी सगळं सांगितलं, नकलांसकट. साहेबांचा फोन, हवालदार, हातातला पट्टा. भाऊ दोनदा हसलासुद्धा. मला वाटलं, जिंकले.

मग त्याने विचारलं, "घरी कोण होतं त्याच्या?"

"आई होती. तिनेच दार उघडलं."

"काय म्हणाली?"

"जेवलास का, म्हणाली."

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. बोटांवरचा डिंक फडक्याला पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"मग त्याला काय कळलं, ताई?"